डोंगर वाचायला कोण शिकवणार?

सह्याद्रीत वाट चुकलेल्या माणसाला दिशा बहुधा माहीत असते. मावळतीला कोकण, उगवतीला देश आणि मधून उत्तर-दक्षिण गेलेली डोंगराची धार, एवढा भूगोल महाराष्ट्रात कुणालाही पाठ असतो. अडतं ते दुसरीकडेच. खाली गावाचे दिवे दिसत असतात, कुत्री भुंकताना ऐकू येतात, अंतर फार तर दीड-दोन किलोमीटर वाटतं. मग समोरच्या घळीत उतरायला सुरुवात होते. पाण्याला वाट मिळाली तर माणसालाही मिळेल, हा साधा हिशेब. पहिला टप्पा दगडगोट्यांवरून सहज जातो, दुसरा बसून, घसरत पार होतो आणि मग घळ अचानक संपते. पुढे धबधब्याचा उभा कडा. खाली उतरता येत नाही आणि घसरत आलेला टप्पा परत चढून जाता येत नाही. डोंगरातल्या बचाव पथकांची माणसं ही मधली जागा चांगली ओळखून असतात.

या फसगतीचं कारण डोंगराच्या घडणीतच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले. काही टणक, काही ठिसूळ. ठिसूळ थर झिजून त्यांचे पदर झाले, टणक थरांचे कडे उभे राहिले. म्हणून सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. वरच्या पदरावर उभं राहून पाहिलं तर खालचा पदर दिसतो आणि त्याच्या पलीकडची शेतंही दिसतात. दिसत नाही तो दोन पदरांमधला कडा, कारण तो पायाखालीच असतो. गावातल्या माणसाला नाळ कुठे उतरते आणि कुठे तुटते हे ठाऊक असतं. बाहेरून आलेल्याला ते कळण्याचा एकच मार्ग आहे: समोच्च रेषांचा नकाशा, आणि तो वाचता येणं.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर आणि लगतच्या दोन तपकिरी रेषांमध्ये २० मीटर उंचीचा फरक. रेषा विरळ असतील तिथे पठार किंवा पदर. दाटीवाटीने आल्या तर चढ अंगावर येणार. एकमेकींना चिकटल्याच तर तिथे कडा आहे, दोर नसेल तर तिकडे जाऊ नये. रेषांचं टोक चढाच्या बाजूला वळलं असेल तर ओढा, उताराच्या बाजूला वळलं तर सोंड. चार-पाच खुणा झाल्या. एवढ्या कळल्या की घळीऐवजी सोंडेने उतरावं हे शहाणपण कागदावरूनच सुचतं. अर्थात कागदालाही मर्यादा आहेत. दोन रेषांमधल्या २० मीटरमध्ये पंधरा मीटरचा कातळकडा बिनबोभाट लपू शकतो, आणि तेवढा कडा माणसाला पुरेसा असतो.

मे २०२२ मध्ये दिल्लीहून आलेला एक २४ वर्षांचा अभियंता लोणावळ्याजवळ नागफणीला, म्हणजे ड्यूक्स नोजला, एकटाच गेला. परतताना जंगलात वाट चुकली. त्याने मित्रांना फोन करून तसं कळवलंही. नंतर फोन बंद पडला. पोलीस, स्थानिक गिर्यारोहक आणि एनडीआरएफच्या जवानांनी रान पिंजून काढलं. चौथ्या दिवशी दरीत मृतदेह सापडला. नकाशा जवळ असता तर हा मुलगा वाचला असता, असं घरबसल्या म्हणणं उद्धटपणाचं ठरेल. मात्र फोन बंद पडला त्या क्षणी त्याच्याकडे डोंगराबद्दलची काय माहिती शिल्लक राहिली असेल, हा प्रश्न दर शनिवारी रात्री ट्रेकला निघणाऱ्या प्रत्येकाला लागू आहे.

हल्ली डोंगरात जाण्याची तयारी म्हणजे ट्रॅक उतरवून घेणं. आधी कुणीतरी ती वाट चालून गेलेलं असतं, त्याच्या फोनने ती रेष नोंदवलेली असते. ती मिळाली की निळा ठिपका त्या रेषेवर ठेवत चालायचं. सोय मोठी आहे आणि तिने कित्येकांना सुखरूप घरीही आणलं आहे. फोनला शिव्या घालण्यात अर्थ नाही. ‘रेंज गेली की जीपीएस जातं’ ही समजूतही चुकीची आहे. उपग्रहांचे संकेत फोनला नेटवर्कशिवाय मिळतात. नकाशा आधी उतरवून ठेवला नसेल तर ठिपका तेवढा कोऱ्या पाटीवर उभा राहतो. नाळेत किंवा कड्याच्या कुशीत आभाळ चिंचोळं होतं, संकेत कातळावर आपटून येतात आणि ठिपका भरकटतो. मुसळधार पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. या सगळ्यांवर इलाज आहेत.

इलाज नाही तो वेगळ्याच गोष्टीवर. एखादा माणूस कुठून गेला एवढंच ट्रॅक सांगतो. तो तिथून का गेला, त्याच्या हातात दोर होता का, तो उन्हाळ्यात गेला की आषाढात, आणि रेषेच्या डाव्या हाताला पन्नास पावलांवर काय आहे, यातलं काहीही ती रेष सांगत नाही. वाटेवर दरड कोसळलेली निघाली, ओढ्याला पाणी चढलं, सोबतच्याचा पाय मुरगळला आणि रेष सोडावी लागली, की ठिपक्यावर विसंबलेला माणूस एका क्षणात आंधळा होतो.

जुलै २०२१ मध्ये स्कॉटलंडमध्ये नेमका यावरूनच गदारोळ झाला. बेन नेव्हिस हे ब्रिटनमधलं सर्वांत उंच शिखर. गूगल मॅप्सवर तिथे पोहोचण्याचा मार्ग विचारला की शिखराला हवाई अंतराने जवळ असलेल्या वाहनतळापर्यंत नेऊन पुढे माथ्यापर्यंत तुटक रेष दाखवली जायची. ती रेष खडकाळ, उभ्या चढावरून जात होती. तिथल्या गिर्यारोहण संघटनांनी ही वाट जिवावर बेतू शकते असा जाहीर इशारा दिला, तेव्हा कंपनीने ती तपासून बदलली. आपल्याकडे त्याच वर्षी जानेवारीत पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्रीच्या अंधारात पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. फोनने दाखवलेला रस्ता पाण्याखाली गेलेल्या पुलावरून जात होता. दोघे पोहून बाहेर आले, चालक बुडाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून मोटार रामगंगेत कोसळून तिघे गेले, त्या वेळीही फोनवरचा मार्ग चर्चेत आला.

कागदी नकाशाची भलामण करणाऱ्यांनी इथे जपून बोलावं. काही दशकांपूर्वीच्या सर्वेक्षणावर बेतलेल्या जुन्या टोपोशीटवर ते धरणही नसेल आणि पूलही नसेल. नकाशा वाचणाऱ्याची सवय मात्र उपयोगी पडली असती. छापलेलं आणि समोर दिसणारं सतत ताडून पाहायचं आणि जुळलं नाही की थांबायचं, ही ती सवय. निळ्या ठिपक्याची सवय नेमकी उलटी लागते. समोरचं जुळलं नाही तरी ठिपका बरोबरच असणार.

या सवयीचं मोजमाप मेंदूशास्त्रज्ञांनी करून पाहिलं आहे. लंडनमधल्या काळ्या टॅक्सींच्या चालकांना हजारो रस्ते तोंडपाठ असावे लागतात. त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असल्याचं एलेनॉर मॅग्वायर यांनी २००० मध्ये दाखवलं. पुढे २०१७ मध्ये लंडनच्याच एका संशोधक गटाने लोकांना सोहो भागातले रस्ते पडद्यावर दाखवून वाट शोधायला लावली. स्वतः वाट शोधताना हिप्पोकॅम्पस प्रत्येक नाक्यावर कामाला लागायचा. यंत्राच्या सूचना ऐकत जाताना तो थंड पडायचा. याचा अर्थ फोन वापरला की मेंदू सडतो असा काढणं अतिरेकी ठरेल. वाट शोधण्याचं काम आपण फोनकडे सोपवलं की ते आपल्याकडून होत नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे.

चकव्याची गोष्ट याहून रंजक. रानात चकवा लागतो आणि माणूस रात्रभर चालूनही पहाटे त्याच झाडाखाली येतो, ही हकिगत कोकणापासून विदर्भापर्यंत ऐकायला मिळते. जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या मॅक्स प्लांक संस्थेत यान साउमन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तिचाच माग काढला. त्यांनी काही जणांना जर्मनीतल्या सपाट जंगलात आणि काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात एका दिशेने सरळ चालत राहायला सांगितलं आणि त्यांची वाट उपग्रहांवरून नोंदवली. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर माणसं बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ भरून आलं की तीच माणसं गोल फिरू लागली, आपलीच वाट ओलांडू लागली, आणि याचा त्यांना पत्ताही नव्हता. डोळे बांधून चालवलं तर काहींची वर्तुळं अवघ्या २० मीटर व्यासाची निघाली. एक पाय आखूड असतो म्हणून असं होतं, हे जुनं स्पष्टीकरणही टिकलं नाही, कारण एकच माणूस कधी डावीकडे वळायचा तर कधी उजवीकडे. बाहेरची खूण नाहीशी झाली की ‘सरळ’ म्हणजे काय याची आतली जाणीवच हळूहळू घसरत जाते. चकवा लागला तर जागच्या जागी बसावं, उजाडेपर्यंत हलू नये, असं जुनी माणसं सांगत. शोधपथकं आजही वेगळं काही सांगत नाहीत.

धुक्यात बाहेरची खूण हातात धरून नेण्याचं साधन म्हणजे होकायंत्र. श्रावणात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा सोबतीही दिसेनासा होतो. जमीन सपाट, झाड नाही, सगळीकडे सारखंच गवत आणि गुरांच्या वाटांचं जाळं. तिथे सुई ही एकमेव खूण उरते.

ही सुई दाखवते ती चुंबकीय उत्तर. खरी उत्तर तिच्यापासून थोडी बाजूला असते आणि हा फरक जागोजागी बदलतो. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्यात, तो पंधरा अंशांच्या घरात जातो. तिथे तो विसरला तर किलोमीटरमागे अडीचशे मीटरहून अधिक चूक होते. महाराष्ट्रात हा फरक जेमतेम एका अंशाच्या आत आहे. एक अंश म्हणजे किलोमीटरमागे सतरा-अठरा मीटर. हातात होकायंत्र धरून चालणाऱ्याची स्वतःची चूक याहून मोठी असते. त्यामुळे परदेशी पुस्तकांत नवशिक्यांना घाम फोडणारी बेरीज-वजाबाकी इथे सरळ सोडून देता येते. होकायंत्र शिकायला सह्याद्रीइतकी सोयीची जागा शोधून सापडायची नाही.

ही सुई कुठे आणि किती वळते याची नोंद ठेवण्याची मोठी परंपराही इथलीच आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं होत होती. विसाव्या शतकाच्या तोंडावर शहरात विजेच्या ट्रामगाड्या आणण्याचं ठरलं आणि वेधशाळेच्या लोकांच्या पोटात गोळा आला. तारांमधून वाहणाऱ्या विजेने नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडणार होत्या. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी समुद्रापलीकडे अलिबागला जागा शोधली. चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरचा दगड आणवून तिथे इमारत बांधली आणि १९०४ मध्ये काम सुरू केलं. काही काळ दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे कुलाब्याचा जुना हिशेब अलिबागच्या नव्या हिशेबाशी जोडता यावा. मुंबईत विजेची ट्राम १९०७ मध्ये धावली. ती १९६४ मध्ये बंदही झाली. अलिबागच्या नोंदी अजून चालू आहेत. इतकी लांब, सलग मालिका जगात फार थोड्या ठिकाणी आहे. त्या इमारतीसमोरून समुद्राकडे जाणाऱ्या पर्यटकांपैकी कितीजणांना याची कल्पना असते कोण जाणे.

सह्याद्रीत होकायंत्राला एक सांभाळायची गोष्टही आहे. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, म्हणजे हा कातळ स्वतःच किंचित चुंबक आहे. लाव्हा थंड होताना त्या वेळचं चुंबकत्व त्यात गोठून राहिलं. याच गुणावरून क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या लंडनच्या शास्त्रज्ञांनी १९५६ मध्ये दख्खनचे दगड तपासून भारत कधीकाळी दक्षिण गोलार्धात होता असं मांडलं, आणि खंड सरकतात या तेव्हा वादग्रस्त असलेल्या कल्पनेला बळ मिळालं. ट्रेकरसाठी यातला व्यवहार एवढाच की होकायंत्र कातळावर टेकवू नये, हातात छातीच्या उंचीवर धरावं. वीज पडून गेलेल्या माथ्यांवर कातळाचं चुंबकत्व जास्तच बिघडलेलं असतं, तिथे चार पावलं सरकून पुन्हा पाहावं. फोन, पॉवर बँक, चाकू आणि उच्चदाबाच्या तारा, या सगळ्यांपासून सुई लांब ठेवावी. फोन आणि होकायंत्र एकाच खिशात टाकणारे बहाद्दरही दिसतात.

हे सगळं ऐकायला जड वाटतं. करताना तसं नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर स्वच्छ दिवशी उभं राहावं. तोरणा पश्चिम-वायव्येला दिसतो, सिंहगड उत्तर-ईशान्येला. होकायंत्राने दोघांचे कोन घ्यावेत, नकाशावर त्या दोन शिखरांतून उलट्या दिशेने रेषा ओढाव्यात. त्या जिथे छेदतील तिथे आपण. या दोन रेषा जवळजवळ काटकोनात छेदतात, त्यामुळे कोनात थोडी चूक झाली तरी उत्तर फारसं हलत नाही. आपण राजगडावर आहोत हे आधीच माहीत असल्याने लगेच पडताळाही मिळतो. एकदा हे जमलं की अनोळखी सोंडेवरही जमतं. सह्याद्रीतली शिखरं यासाठी जणू मुद्दाम घडवलेली आहेत: लिंगाण्याचा सुळका, तोरण्याचा लांबलचक माथा, हरिश्चंद्रगडाचं तारामतीचं टोक, एकदा ओळखलं की चुकत नाही.

आणखी एक युक्ती जुन्या वाटाड्यांनाही पटेल अशी आहे. धुक्यातून ओढ्याकाठच्या राउळापर्यंत पोहोचायचं आहे. नेम धरून सरळ राउळाकडे चालत गेलं आणि ओढ्याला लागूनही राउळ दिसलं नाही, तर ते डावीकडे राहिलं की उजवीकडे, हे कळायला मार्ग नाही. म्हणून नेम मुद्दाम थोडा डावीकडे धरायचा. ओढा लागला की डोळे मिटून उजवीकडे वळायचं. आपल्या चुकीला आधीच एक बाजू ठरवून द्यायची.

वेळेचा अंदाजही नकाशातूनच निघतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला: ताशी पाच किलोमीटर, आणि प्रत्येक दहा मीटर चढाला एक मिनिट जास्त. चार किलोमीटर अंतर आणि सहाशे मीटर चढ असेल तर पावणेदोन तासांच्या वर. हे थंड हवेत, सडसडीत माणसांचं गणित. एप्रिलच्या उन्हात, पाठीवर तंबू आणि मागे दोन दमलेले भाऊ असतील तर दीडपट धरावं. अंधार पडण्यापूर्वी गड उतरून होईल का, या प्रश्नाचं उत्तर समोच्च रेषा मोजणाऱ्याला निघण्यापूर्वीच मिळतं.

आता खरा मुद्दा. यातलं काहीही नवं नाही. सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा धडा आहे. अकरावी-बारावीच्या भूगोलाच्या प्रात्यक्षिकात स्थलनिर्देशक नकाशा येतो. एनसीसीच्या छात्रांना नकाशावाचन, कोन काढणं, होकायंत्र वापरणं हे सगळं अभ्यासक्रमातच आहे. तरीही ट्रेकच्या गर्दीत शंभरातल्या किती जणांना सोंड आणि ओढा नकाशावर वेगळे दाखवता येतील? धडा वर्गात सुरू होतो आणि वहीतच संपतो. मुलं बटाट्याचे काप करून समोच्च रेषा काढतात, गुण मिळवतात, आणि शाळेमागच्या टेकडीचा नकाशा कसा दिसतो हे त्यांना कुणी दाखवत नाही. सहलींना तोटा नाही. सिंहगडावर, रायगडावर, प्रतापगडावर शाळांच्या बसगाड्यांची रीघ लागते. त्या सहलीत इतिहासाचे शिक्षक बोलतात. भूगोलाच्या शिक्षकांनाही दोन तास मिळाले आणि दर पाच मुलांमागे एक नकाशा मिळाला, तर धड्याचं सोनं होईल. खर्च म्हणाल तर छापील प्रतींचा आणि काही शे रुपयांना मिळणाऱ्या साध्या होकायंत्रांचा.

नकाशे मिळत नव्हते, ही तक्रार मात्र कित्येक दशकं खरी होती आणि तिची जबाबदारी सरकारवर होती. भारतीय सर्वेक्षण विभाग १७६७ मधला, ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेपेक्षा २४ वर्षांनी वडील. दोन्ही संस्था लष्कराच्या गरजेतून वाढल्या. तिकडचे नकाशे पुढे पुस्तकांच्या दुकानात आले आणि रविवारी फिरायला निघणाऱ्या माणसाच्या खिशात गेले. इकडे देशाच्या सीमेपासून आणि किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले मोठ्या प्रमाणाचे नकाशे ‘प्रतिबंधित’ राहिले. कोकण आणि घाटमाथ्याचा मोठा भाग नेमका याच पट्ट्यात येतो. म्हणजे जिथे गडकोट दाटीने आहेत आणि जिथे नकाशाची सर्वांत जास्त गरज, तिथलाच नकाशा सामान्यांना दुर्मीळ. ज्या विभागासाठी भारत मोजता मोजता विल्यम लॅम्ब्टन १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटात मरण पावले आणि तिथेच त्यांची कबर आहे, त्या विभागाचे नकाशे हिंगणघाटाच्या लेकरांना सहज पाहायला मिळू नयेत, ही विचित्र गोष्ट होती. अमेरिकन लष्कराने १९५०च्या दशकात १:२५०,००० प्रमाणावर केलेले भारताचे नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट मिळत, आणि इथले ट्रेकर त्यांवर काम भागवत.

२००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने लष्करासाठी वेगळी आणि लोकांसाठी वेगळी अशी दोन मालिकांची सोय केली. त्याच वर्षी गूगल अर्थ आलं आणि घरबसल्या प्रत्येक कड्याचं उपग्रहचित्र दिसू लागलं. धोरण कागदावर असतानाच जग पुढे निघून गेलं. २०१७ मध्ये विभागाला अडीचशे वर्षं झाली तेव्हा लोकांसाठीचे नकाशे संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेण्याची सोय झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये बरेच निर्बंध उठले. आज पुण्याच्या आसपासचा प्रदेश ४७ एफ क्रमांकाच्या चौकोनात, हरिश्चंद्रगड-कळसूबाईचा ४७ ई मध्ये, तर गोव्याचा बराचसा भाग ४८ ई मध्ये आहे, हे लक्षात ठेवलं की काम झालं. कुलूप उघडलं आहे, आत कुणी जात नाही.

याचं एक कारण हे नकाशे ट्रेकरसाठी बनलेलेच नाहीत. गावांची, डोंगरांची नावं रोमन लिपीत, तीही स्पेलिंगच्या चरकातून निघालेली. गडावरचं पिण्याच्या पाण्याचं टाकं, मुक्कामाची गुहा, दोर लागणारा टप्पा, पावसाळ्यात बंद होणारी नाळ, यांची नोंद नाही. ही उणीव मराठीत काही जिद्दी माणसांनी स्वतः भरून काढली. आनंद पाळंदे यांच्या ‘डोंगरयात्रा’ने पिढ्यान्‌पिढ्यांच्या सॅकमध्ये जागा मिळवली. हरीश कपाडिया यांचं ‘ट्रेक द सह्याद्रीज’ हे इंग्रजी पुस्तकही तसंच. मात्र राज्याच्या डोंगरांचे नकाशे करणं हे दोन-चार वेड्यांच्या शनिवार-रविवारवर सोपवण्याचं काम नव्हे.

स्थानिक वाटाड्या असताना हे कशाला, असं विचारणारे आहेत. आक्षेप बिनबुडाचा नाही. ठाकर, महादेव कोळी, धनगर वस्त्यांवरच्या माणसांनी आयुष्यात होकायंत्र हातात धरलेलं नसतं आणि ती काळोखात बिनचूक घरी येतात. पण त्यांचा नकाशा पायांनी तयार झालेला असतो, रोज, लहानपणापासून. वर्षातून दोनदा येणाऱ्या शहरी माणसाच्या पायांना ती सवड नाही. वाटाड्या जरूर घ्यावा, त्याला रास्त पैसे द्यावेत. नकाशा बरोबर असला की त्याच्याशी बोलणंही वाढतं: या सोंडेला काय म्हणता, ही नाळ कुठे उतरते, इथे जुनी वाट होती का. उलट ट्रॅकवर चालणारा तरुण गावात थांबतच नाही. त्याला विचारायचं काही नसतं.

ट्रेक आयोजित करणाऱ्यांची बाब वेगळी आहे, कारण तिथे पैसे घेतले जातात. माणशी हजार-बाराशे रुपये घेऊन चाळीस-पन्नास जणांना रात्री गडावर नेणाऱ्या मंडळींना समाजमाध्यमांवर तोटा नाही. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, नोंदणीची व्यवस्था केली. त्या नोंदणीत एक साधी परीक्षा असावी. म्होरक्याला अनोळखी डोंगरात, फोन बाजूला ठेवून, नकाशा आणि होकायंत्र देऊन तीन ठिकाणं शोधायला लावावीत. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्राथमिक अभ्यासक्रमात नकाशावाचन असतंच. तेवढंही ज्याला येत नाही त्याने दुसऱ्यांची पोरं अंधारात डोंगरावर नेऊ नयेत. याने हौशी मंडळांवर जाच होईल, ही तक्रार येईल. चालेल.

यातून एक खेळही उभा राहू शकतो. ओरिएंटियरिंग हा नकाशा-होकायंत्र घेऊन रानात धावण्याचा खेळ. स्वीडनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर एर्न्स्ट किलांडर यांनी तो तरुणांमध्ये रुजवला. तिकडच्या शाळांत तो खो-खोसारखा खेळला जातो. पुण्याच्या वेताळ टेकडीवर किंवा मुंबईच्या संजय गांधी उद्यानाच्या खुल्या भागात तो वन खात्याच्या परवानगीने घ्यायला फार काही लागत नाही.

राहिला तो मराठी नकाशांचा प्रश्न. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले. त्यातले अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा तमिळनाडूतला जिंजी. फलक, स्वच्छतागृहं, रोपवे यांची चर्चा लगेच सुरू झाली. राजगड, साल्हेर, लोहगड यांच्या परिसराचा १:२५,००० प्रमाणावर, मराठी नावांसह, टाकी, दरवाजे, बंद वाटा आणि धोक्याच्या नाळा दाखवणारा, पावसात न भिजणारा नकाशा पायथ्याच्या गावात पन्नास रुपयांना मिळावा, ही मागणी त्या यादीत अजून नाही. उंचीची माहिती सर्वेक्षण विभागाकडे तयार आहे. पाण्याची टाकी आणि वाटा गिर्यारोहण संस्थांनी मोजून दिल्या तर काही महिन्यांचं काम आहे. नावं मात्र गावोगाव जाऊन गोळा करावी लागतील, कारण घाटातल्या कित्येक नाळांची आणि सोंडांची नावं फक्त साठीच्या पुढच्या गुराख्यांनाच ठाऊक उरली आहेत. कामाला हंगाम दिवाळीनंतरचा बरा. गवत वाळलेलं असतं, वाटा मोकळ्या दिसतात आणि भात झोडून झाल्यावर वाड्यांवरच्या माणसांना बोलायला सवड असते.